एका अक्षराचा फरक

1994 साली जेफ बेझोस यांनी अमेरिकेत आपली नवी कंपनी 'कडाब्रा' या नावाने नोंदवली. नाव घेतलं होतं जादूगाराच्या 'ॲब्राकडाब्रा'वरून. फोनवर वकिलाला मात्र ते 'कडॅव्हर' ऐकू आलं. म्हणजे प्रेत! पुढे नाव बदलून ॲमेझॉन झालं. वेबसाइटचं नाव निवडताना आजही हाच धडा कामाचा आहे: नाव आधी कानावर पडतं, मग टाइप होतं.

मुळात ही नावं धंद्यासाठी नव्हतीच. आर्पानेटच्या काळात सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि त्यांचे आकडी पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती फाइल सांभाळायची. कॉम्प्युटर वाढले तसं हे जमेना. 1983मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिम मांडली. 15 मार्च 1985ला सिम्बॉलिक्स कंपनीने पहिलं डॉट कॉम नोंदवलं.

नियम साधा होता: जो आधी येईल, नाव त्याचं. सप्टेंबर 1995पर्यंत फीसुद्धा नव्हती. म्हणून तर 1994मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकाराला चक्क मॅकडोनल्ड्स डॉट कॉम मिळालं. कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका शाळेला मदत दिली, तेव्हा त्याने ते सोडलं.

सिस्टिमला फक्त अक्षरं कळतात. एक अक्षर बदललं की तिच्या लेखी नाव वेगळं. माणसाच्या कानाला तो फरक जाणवतोच असं नाही. याच फटीतून भांडणं सुरू झाली.

1999मध्ये असं एक भांडण मुंबई उच्च न्यायालयात आलं. 'रेडिफ'समोर कोणीतरी 'रॅडिफ' उभं केलं होतं. स्पेलिंगमध्ये फरक एका अक्षराचा. प्रतिवादींचं म्हणणं, आम्ही 'रॅडिकल', 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर', 'फ्री' यांची अक्षरं जोडली. कोर्टाला ते पटलं नाही, मनाई हुकूम निघाला. 2004मध्ये 'सिफी' विरुद्ध 'सिफ्फी' हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डोमेन नेमलाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं, असं तिथे ठरलं.

पण गल्लीतला दुकानदार दिल्लीपर्यंत कसा जाणार? आणि आपल्याकडे तर नक्कल करणाऱ्याचीही गरज नाही, रोमन लिपीच पुरेशी आहे. 'लक्ष्मी'त एक्स घालायचा की के-एस-एच? 'श्री'ला दोन ई की एक आय? 'वाडा' व्हीने की डब्ल्यूने? गिऱ्हाइकाने वेगळं स्पेलिंग टाइप केलं की ते दुसऱ्याच्या दारात.

2014मध्ये देवनागरी डॉट भारत आलं. हा प्रश्न तिथे बराचसा सुटतो. पण सिस्टिम आतून अजून रोमन अक्षरांवरच चालते, आणि देवनागरी ईमेल पत्ता अनेक फॉर्म घेत नाहीत. तेव्हा ते जोडीला ठेवावं, एकट्यावर विसंबू नये.

नाव विकत घेण्याआधी एक करा. तुमच्या धंद्याची माहिती नसलेल्या कोणालातरी फोन लावा. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि टाइप करून पाठवायला सांगा. चुकीचं आलं तर दोन्ही स्पेलिंग घ्या, नाहीतर नाव बदला. बेझोस यांनीही तेच केलं. तेव्हा त्यांचं एकही पुस्तक विकलं गेलं नव्हतं, म्हणून ते स्वस्तात पडलं.