तिवरापासून पन्नास मीटर

मीरा-भाईंदरमध्ये खाडीकडची जागा विकायला निघाली की एक प्रश्न हमखास येतो: बफरमध्ये तर नाही ना? ‘बफर झोन’ आपल्याकडे रुळला तो जंगलामुळे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. त्यात जंगलाचा गाभा वाघासाठी राखायचा आणि भोवतालच्या पट्ट्यात माणसाला मर्यादित वावर द्यायचा, अशी आखणी होती. खाडीकाठी मात्र हा पट्टा आला तो न्यायालयाच्या वाटेने.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये आदेश दिला: कांदळवनाच्या, म्हणजे तिवरांच्या जंगलाच्या, चहूबाजूंनी ५० मीटरपर्यंत बांधकाम नको, मग जमीन कुणाच्याही नावावर असो. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेतही पन्नासचा आकडा आला, पण एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनापुरताच.

झाड सोडून मोकळ्या चिखलाला संरक्षण कशाला? कारण तिवर मारायला कुऱ्हाड लागतच नाही. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात आणि ओहोटीला हवा घेतात. शेजारच्या रिकाम्या जागेत रात्री चार डंपर राडारोडा टाकला की भरतीच्या पाण्याची वाट बुजते. मग पाणी एक तर आत कोंडतं नाहीतर येतच नाही. दोन्ही प्रकारांत झाडं उभ्या उभ्या वाळतात, आणि पंचनाम्यात ‘तोड’ म्हणून दाखवायला काही सापडत नाही.

भाईंदरची खरी गंमत मिठागरांत आहे. मीठ पिकवणं थांबलं, बांध फुटला, भरती आत शिरली की तिच्याबरोबर तिवराच्या बिया येतात आणि काही वर्षांत आगराचं कांदळवन होतं. पन्नास मीटर मोजायचे ते झाडांच्या कडेपासून, म्हणजे रेघही पुढे सरकते. नकाशावर रेघ एकदाच मारायची सवय असलेल्यांना हे जड जातं. उलट कडेची झाडं सुकली तर रेघ मागे जाईल, हा हिशेबही कुणी करणारच.

उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तो हिशेब मोडला. कांदळवन लहान असो वा मोठं, संरक्षण आहेच, आणि जिथे ते नष्ट केलं गेलं तिथे पुन्हा उभं करण्याची जबाबदारी सरकारची. कांदळवन तोडायचं तर सार्वजनिक प्रकल्पालाही आधी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. वर्सोवा-भाईंदर किनारी रस्त्यालाही ती मागावी लागली.