साल्मिंग, बर्ये

(१७ एप्रिल १९५१ – २४ नोव्हेंबर २०२२). विख्यात स्वीडिश आइस हॉकीपटू. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक हॉकीचे दार यूरोपीय खेळाडूंना ज्यांनी खुले केले, त्यांत या बचावपटूचे स्थान अग्रभागी आहे. त्याचा जन्म स्वीडनच्या अतिउत्तरेकडील कीरूना परिसरातील साल्मी या खेड्यात झाला. वडील सामी (लॅप) वंशाचे असून ते खाणीत काम करीत. तेथील अपघातात ते मरण पावले, त्या वेळी बर्ये पाच वर्षांचा होता. थोरला भाऊ स्टिग हाही बचावपटूच होता. कीरूनाच्या संघातून बर्ये १९७० मध्ये येव्ले येथील ब्रूनेस संघात दाखल झाला. या संघाने १९७१ व १९७२ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. जागतिक स्पर्धांत स्वीडनला १९७२ मध्ये कांस्य, तर १९७३ मध्ये रौप्यपदक मिळाले. या दोन्ही संघांत तो होता.

टोराँटो मेपल लीफ्स या कॅनडियन संघाचा निवडकर्ता जेरी मॅक्‌नमारा हा १९७२ च्या अखेरीस स्वीडनमध्ये गेला, तो मुळात एका गोलरक्षकाला पाहण्यासाठी. ब्रूनेस आणि कॅनडातून आलेला बॅरी फ्लायर्स यांच्यातील सामन्यात मात्र त्याच्या नजरेत भरले ते साल्मिंग व आघाडीचा खेळाडू इंगे हामरस्ट्रम. पुढील वर्षी हे दोघेही टोराँटोला गेले.

त्यांच्यापुढील अडचण केवळ कौशल्याची नव्हती. नॅशनल हॉकी लीगमध्ये उल्फ स्टर्नर हा स्वीडिश खेळाडू १९६५ मध्ये अवघे चार सामने खेळून परतला होता. टॉमी बर्गमनने १९७२-७३ चा हंगाम डिट्रॉइटकडून पार पाडला, तरी यूरोपीय खेळाडू शरीराच्या धडकेला भितात, हा समज कायम होता. त्याला खेळाच्या घडणीतील एक कारणही होते. यूरोपातील क्रीडांगण सु. ३० मी. रुंद, तर अमेरिकेतील सु. २६ मी.; शिवाय आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संपूर्ण क्रीडांगणावर धडक देण्यास मुभा मिळाली ती १९६९ मध्ये. साहजिकच यूरोपात पास व गती यांना महत्त्व आले. या भिन्न शिक्षणाला भित्रेपणा मानणे हा शुद्ध पूर्वग्रह होता. पण त्याची किंमत पहिल्या खेळाडूंना अंगावर झेलावी लागली. दुसऱ्याच सामन्यात साल्मिंगची गाठ फिलाडेल्फिया फ्लायर्स या दांडगाईबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या संघाशी पडली आणि डेव्ह शुल्ट्‌सशी त्याची हाणामारी झाली. काठ्यांचे फटके व प्रेक्षकांचे टोमणे पुढेही त्याच्या वाट्याला आले. त्याने माघार घेतली नाही.

त्याचे खरे उत्तर त्याच्या खेळात होते. प्रतिस्पर्ध्याचा फटका अडविण्यासाठी तो चकतीपुढे स्वतःला बेधडक झोकून देई आणि चकती हाती लागताच तीच घेऊन चढाई सुरू करी. १९७५ ते १९८० या सहाही वर्षी लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूंच्या संघांत त्याची निवड झाली. त्यांपैकी १९७७ मध्ये ती पहिल्या संघात होती. उत्कृष्ट बचावपटूसाठीच्या नॉरिस पारितोषिकाने मात्र त्याला दोनदा (१९७७ व १९८०) हुलकावणी दिली. टोराँटोच्या प्रेक्षकांनी आपला कौल आधीच दिला होता : १९७६ च्या कॅनडा चषक स्पर्धेत तो स्वीडनच्या पोशाखात उतरला, तेव्हा तेथील प्रेक्षकांनी उभे राहून त्याचा जयजयकार केला.

स्टॅन्ली चषक त्याला कधीच मिळाला नाही. त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही. १९८० नंतर त्याचा संघच दुबळा झाला होता. १९८६ हे वर्ष विशेष कष्टाचे गेले. पूर्वी कोकेन घेतल्याच्या कबुलीवरून त्याच्यावर आठ सामन्यांची बंदी आली, तर नोव्हेंबरमध्ये एका खेळाडूच्या स्केटचे पाते लागून त्याचा चेहरा फाटला व दोनशेहून अधिक टाके घालावे लागले. तरीही तो पुन्हा खेळू लागला. टोराँटोतील सोळा हंगामांनंतर १९८९-९० मध्ये तो डिट्रॉइटकडून खेळला. लीगमधील एकूण १,१४८ सामन्यांत त्याने १५० गोल केले व ६३७ गोलांना साहाय्य केले. त्यानंतर तो स्टॉकहोमच्या एआयके संघातून १९९३ पर्यंत खेळला आणि १९९२ च्या आल्बेरव्हील हिवाळी ऑलिंपिकमध्ये, चाळिसाव्या वर्षी, स्वीडनतर्फे उतरला.

१९९६ मध्ये टोराँटो येथील हॉकी कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. हा मान मिळविणारा तो पहिला स्वीडिश खेळाडू होय. त्याला न मिळालेले नॉरिस पारितोषिक त्याचाच देशबांधव निक्लास लीडस्ट्रम याने २००१ पासून सात वेळा मिळविले. २०१६ मध्ये मेपल लीफ्सने साल्मिंगचा २१ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला.

ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला एएलएस हा चेतातंतूंचा असाध्य विकार झाल्याचे जाहीर झाले. वाचा गेली असतानाही नोव्हेंबरमध्ये तो टोराँटोला गेला व जुना सहकारी डॅरिल सिटलर याच्या आधाराने बर्फावर उभा राहिला. १२ नोव्हेंबरच्या सामन्यात संघाने गोलरक्षकासह आरंभीचे सहाही खेळाडू स्वीडिश उतरविले. त्यानंतर बारा दिवसांनी त्याचे निधन झाले.