आजी नसलेले गाव

2020 च्या करारानंतर इस्राएल व अमिराती यांच्यात येणे-जाणे सुरू झाले. दुबईचे नाव आता घरोघरी आहे. रुवैस मात्र थोड्यांनाच ठाऊक. अबू धाबी शहराच्या पश्चिमेस सुमारे 240 किलोमीटरवर, समुद्रकाठी हे गाव आहे. तेथील तेलशुद्धीकरण कारखान्याचे उद्घाटन 1982 मध्ये झाले. कामगारांच्या कुटुंबांसाठी वसाहत उभी राहिली, तीत भारतीय कुटुंबेही आली.

त्याआधी या मुलखातील लहान मुले वाढत ती दक्षिणेकडे, लिवाच्या खजुरीच्या बागांत. उन्हाळ्यात पुरुष सुमारे चार महिने मोती काढण्यास समुद्रावर जात. मागे बायका-मुले व म्हातारी माणसे झावळ्यांच्या घरांत राहत. खजूर उतरवण्याचा हंगामही तोच. ते मोती मुंबईच्या बाजारात विकले जात. 1929 ची जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती यांनी तो धंदा बुडवला.

आपल्याला हे परके नाही. कोकणातले आपले पुरुष मुंबईस किंवा पलटणीत गेले, की पोर ओटीवर आजीजवळच पाऊल टाकायला शिके.

आज रुवैसला इस्पितळ आहे, शाळा आहेत, गार घरे आहेत. पाळी संपली की बाप घरी येतो. पण उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, दीड वर्षाचे पोर दिवसभर घरात, आणि आजी दूर देशी.

परिचारिका म्हणून मी बाळांची वजने व लशी तक्त्यात लिहीत असे. “दिवसभरात बाळाला दुसऱ्या कोणी घेतले का?” हा प्रश्न तक्त्यात नव्हता, तोही मी विचारी. परगावच्या लेकी-सुनांना आपणही विचारावा.