सही म्हणजे काय?

आपल्या गटाच्या वहीतले किती तरी शब्द लांबून आलेत. कर्ज, हिशेब, जमा, वसूल, तारीख हे मूळचे अरबी. फारसीमार्गे दरबारातून मराठीत आले. हप्ता फारसी. 'हफ्त' म्हणजे सात, म्हणून हप्ता म्हणजे आठवडा. आपण मात्र तो महिन्याला भरतो!

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत चाले. ज्यांना तो कागद वाचता येत नसे, त्यांना नुसता अंगठा उठवावा लागे.

'सही' शब्दही अरबीच; मूळ अर्थ 'बरोबर'. सही केली, म्हणजे 'हे बरोबर आहे' असं आपण म्हटलं. म्हणून आम्ही गटात ठरवलंय: कर्जाचा कागद आधी मोठ्यानं वाचायचा, समजून घ्यायचा, मगच सही.