बदलीचा अर्ज : नायजेरियाच्या तरुण-सेवेचा इतिहास

बदलीचा अर्ज ही वस्तु आपल्याकडील नोकरदार घरांस नवी नाहीं. वृद्ध मातापितरांची शुश्रूषा, मुलांचें शिक्षण, पत्नीची प्रकृति, अशीं कारणें लिहून वरिष्ठांपुढें ठेवलेला तो एक साधा कागद. परंतु पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया देशांत हाच कागद गेलीं पन्नास वर्षें एका निराळ्याच अर्थानें लिहिला जात आहे. तेथें पदवी घेतलेल्या तरुणास व तरुणीस एक वर्ष राष्ट्राची सेवा सक्तीनें करावी लागते, आणि ती स्वतःच्या प्रांताबाहेर करावी हाच त्या योजनेचा मुख्य हेतु आहे. तेव्हां 'मला येथून दुसरीकडे पाठवा' असें म्हणणारा अर्ज तेथें केवळ व्यक्तीच्या सोयीचा प्रश्न राहत नाहीं. ज्या विश्वासावर ती योजना उभी आहे त्यालाच तो हात घालतो. या अर्जाचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे एका राष्ट्राच्या ऐक्याचा इतिहास वेगळ्या बाजूनें दिसूं लागतो. तोच आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

नायजेरिया १ ऑक्टोबर १९६० रोजीं ब्रिटिश सत्तेपासून मुक्त झाला. पांचशेंच्या आसपास भाषांचा हा देश. परंतु त्याच्या राजकारणावर मुख्यतः तीन समाजांची छाया पडलेली : उत्तरेंत बहुतांशीं मुसलमान असलेले हौसा-फुलानी, नैर्ऋत्येस योरुबा आणि आग्नेयेस बहुतांशीं ख्रिस्ती असलेले इग्बो. रेल्वे, सरकारी कचेऱ्या व व्यापार यांच्या निमित्तानें पुष्कळ इग्बो उत्तरेकडील शहरांत जाऊन राहिले होते. कानोसारख्या शहरांत अशा बाहेरच्या लोकांची वस्ती वेगळी असे. तिला 'सबोन गारी', म्हणजे 'नवें गांव', असें नांव होतें. लोक शेजारीं राहत होते, पण एक झाले नव्हते. १९६६ सालीं जानेवारींत व जुलैंत असे दोन लष्करी उठाव झाले. त्याच वर्षीं उत्तरेंत इग्बोंची भयंकर कत्तल झाली, आणि जे वांचले ते जिवाच्या भीतीनें पूर्वेस परतले. ३० मे १९६७ रोजीं पूर्वेनें 'बियाफ्रा' या नांवानें स्वातंत्र्य पुकारलें. जुलैंत युद्ध पेटलें. तें १५ जानेवारी १९७० रोजीं संपलें, तोंपर्यंत लाखों माणसें, बहुतेक उपासमारीनें, प्राणांस मुकलीं होतीं.

विजयी पक्षाचे प्रमुख जनरल याकुबू गोवॉन यांनीं 'कोणी जेता नाहीं, कोणी जित नाहीं' अशी घोषणा केली. घोषणा थोर होती. परंतु उत्तरेंत ज्याचा भाऊ मारला गेला त्यानें पुन्हां उत्तरेची गाडी कोणत्या भरंवशावर धरावी, हा प्रश्न घोषणेनें सुटणारा नव्हता. त्यावर योजलेल्या उपायांपैकीं एक म्हणजे २२ मे १९७३ च्या वटहुकुमानें स्थापन झालेलें राष्ट्रीय तरुण सेवा दल. आजचे पदवीधर हे उद्यांचे अधिकारी, शिक्षक, वैद्य व मंत्री. त्यांनीं नोकरीस लागण्यापूर्वीं एक वर्ष परक्या प्रांतांत काढावें, तेथील अन्न खावें, तेथील भाषा कानांवर घ्यावी, म्हणजे पुढें सत्ता हातीं आल्यावर त्या प्रांतास ते परका मानणार नाहींत, अशी ही कल्पना. विद्यार्थ्यांस ती एकदम रुचली नाहीं. त्या वर्षाच्या आरंभीं विद्यापीठांतून निदर्शनेंहि झालीं. तरी योजना अंमलांत आली. कर्नल अहमदू अली हे तिचे पहिले संचालक. पहिल्या वर्षीं दोन हजारांहून थोडे अधिक पदवीधर दाखल झाले. अलीकडे हीच संख्या दर वर्षीं तीन लाखांच्या वर जाते. देशांत तेव्हां १२ राज्यें होतीं. १९९६ पासून तीं ३६ आहेत.

योजनेचा क्रम ठरलेला आहे. पदवीधराच्या हातीं बोलावण्याचें पत्र येतें व त्यांत राज्याचें नांव असतें. तें नांव वाचण्याचा क्षण म्हणजे घरोघर उत्सुकतेचा व धास्तीचा. मग त्या राज्यांत तीन आठवड्यांचें शिबिर. पहांटेची कवाईत, खाकी पोशाख, व्याख्यानें. शिबिराच्या अखेरीस प्रत्यक्ष कामाचें ठिकाण कळतें. पुष्कळांस शाळेंत शिकविण्याचें काम मिळतें, तेंहि बहुधा अशा खेड्यांत कीं जेथें एरव्हीं गणिताचा किंवा शास्त्राचा शिक्षक टिकत नाहीं. वर्ष पुरें झालें म्हणजे प्रमाणपत्र. तें नसल्यास नोकरीचे दरवाजे बंद होतात. वयाच्या तिसाव्या वर्षानंतर पदवी घेणारास सेवेची माफी आहे. पण माफीचेंहि प्रमाणपत्रच लागतें. या कागदाचें वजन किती, हें २०१८ च्या सप्टेंबरांत दिसलें. माफीचें प्रमाणपत्र बनावट असल्याच्या आरोपावरून त्या देशाच्या अर्थमंत्री केमी अडेओसुन यांस तेव्हां पदत्याग करावा लागला. सेवा टाळणें हा १९९३ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा असून त्यास दंड वा एक वर्षापर्यंत कैद अशी शिक्षा सांगितली आहे.

अशा कठोर कायद्यांत बदलीच्या अर्जास जागा कोठून आली ? ती कायद्याच्याच शब्दांत आहे. तरुणांस स्वतःच्या मूळ राज्याबाहेर काम द्यावें असें सांगतांना कायदेकारांनीं 'शक्य तोंवर' असे दोन शब्द घातले. त्या दोन शब्दांच्या फटींतूनच पुढचा सारा व्यवहार चालला. कालांतरानें अर्जाचीं मुख्य कारणें ठरून गेलीं. विवाहित स्त्रीस पति राहत असेल त्या राज्यांत जातां येतें. त्यासाठीं विवाहाचा दाखला, बदललेल्या नांवाची वर्तमानपत्रांतील जाहिरात, पतीच्या वास्तव्याचा किंवा नोकरीचा पुरावा, असे कागद जोडावे लागतात. ज्याची प्रकृति विशिष्ट उपचारांवांचून चालणार नाहीं, त्यानें सरकारी इस्पितळाचा अहवाल द्यावा. तिसरें कारण सुरक्षिततेचें. त्याचा विचार पुढें येईल.

या यादींत काय नाहीं, हेंहि पाहण्यासारखें आहे. पत्नी पतीकडे जाते. पतीनें पत्नीकडे जाण्याची सोय त्यांत नाहीं. एकुलता एक मुलगा विधवा आईस एकटी सोडून आला असेल, तर त्याच्या काळजीस या कागदांत रकाना नाहीं. म्हणून मार्ग शोधले जातात. शहरांतील ओळखीच्यांची शिफारस आणली जाते. खेड्यांतील शाळेनें 'आम्हांस हा माणूस नको' असें लिहून द्यावें म्हणून कोणी शाळेच्याच विनवण्या करतो. कारण नाकारलेल्यास दुसरें ठिकाण द्यावें लागतें. खोटे विवाहाचे दाखले व खोटे वैद्यकीय अहवाल यांविषयीं दलाच्या अधिकाऱ्यांस वारंवार ताकीद द्यावी लागली आहे. यांत लबाडी आहे खरी. परंतु जो नियम आईसाठीं मागितलेली रजा ऐकत नाहीं व विवाहाचा दाखला मात्र ऐकतो, तो स्वतःच लोकांस खोटा दाखला शिकवीत असतो.

या अर्जाच्या इतिहासांतील सर्वांत दुःखद प्रकरण एप्रिल २०११ चें. दलांतील तरुण परप्रांतीय असल्यामुळें स्थानिक पक्षांपासून अलिप्त राहतील, या विश्वासानें निवडणूक आयोगानें त्यांस मतदान केंद्रांवर नेमलें होतें. १६ एप्रिलच्या अध्यक्षीय निवडणुकींत दक्षिणेचे गुडलक जोनाथन हे उत्तरेच्या मुहम्मदू बुहारी यांच्यावर विजयी झाले, आणि उत्तरेंत दंगली उसळल्या. आठशेंहून अधिक माणसें मेलीं. त्यांत बाउची राज्यांत सेवा करीत असलेले दलाचे दहा तरुण होते. परकेपणामुळें त्यांची निवड झाली होती, आणि परकेपणामुळेंच ते जमावाच्या हातीं सांपडले. त्यांच्या कुटुंबांस सरकारनें प्रत्येकीं पन्नास लाख नायरा देऊं केले. परंतु त्यानंतर दक्षिणेंतील आईबापांस उत्तरेचें नांव असलेलें पत्र मृत्युपत्रासारखें वाटूं लागलें, तर त्यांस दोष कसा द्यावा ? पुढें बोको हरामच्या अत्याचारांमुळें मे २०१३ मध्यें बोर्नो, योबे व अदामावा या राज्यांत आणीबाणी पुकारावी लागली. तेथील शिबिरें कांहीं काळ दुसऱ्या राज्यांत भरवावीं लागलीं. सुरक्षिततेसाठीं मागितलेली बदली ही मग सवलत राहिली नाहीं. सरकारच्या कर्तव्याचाच तो भाग झाला.

येथें दोन पक्ष उभे राहतात, आणि दोहोंत सत्य आहे. एक म्हणतो : प्रत्येकानें घराजवळचें ठिकाण मागितलें, तर योजना नांवापुरती उरेल, आणि १९६६ च्या भिंती पुन्हां उभ्या राहतील. याच योजनेनें अनेक तरुण परक्या प्रांतांत स्थायिक झाले, भिन्न समाजांतील स्त्रीपुरुषांचे विवाह जमले, आणि कित्येक खेड्यांस शिक्षक मिळाले. दुसरा पक्ष म्हणतो : जें राष्ट्र तरुणाच्या जिवाची हमी देऊं शकत नाहीं, त्यानें त्याला ऐक्याच्या नांवाखालीं संकटांत लोटूं नये. माझ्या मतें या दोहोंमधील वाद अर्ज मंजूर करावे कीं नामंजूर, येथें सुटावयाचा नाहीं. तो सुटेल ज्या गांवीं तरुण जातो त्या गांवांत. अर्जांची संख्या नियम आवळून कमी करतां येईल. परंतु अर्ज लिहावासाच न वाटणें ही निराळी गोष्ट आहे, आणि योजनेचें खरें यश तेंच.

या प्रश्नाचा आपल्या देशाशींहि एक धागा जुळतो. १९५९ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय सेवेचा विचार करण्यासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष होते महाडजवळच्या नाते गांवीं जन्मलेले चिंतामणराव देशमुख. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें नऊ महिने ते एक वर्ष सक्तीनें राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस या समितीनें केली होती. खर्च व अंमलबजावणीच्या अडचणी पाहून ती स्वीकारली गेली नाहीं. पुढें गांधी-शताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ती ऐच्छिक म्हणून. सक्ती आली असती, तर सांगलीचा पदवीधर आसामांत आणि आसामचा सांगलींत, असा प्रवास आपल्याकडेहि घडला असता. आणि त्याबरोबर बदलीच्या अर्जांचे ढीगहि आले असते.

त्या ढिगांकडे नुसती कटकट म्हणून पाहणें चुकीचें ठरलें असतें. नायजेरियाच्या पन्नास वर्षांनीं एवढें दाखविलें आहे कीं, कायद्याच्या बळावर माणूस परप्रांतीं पाठवितां येतो, पण त्याला तेथें निर्धास्त झोंप लागेल ही व्यवस्था रोज नव्यानें करावी लागते. बदलीचा अर्ज ती व्यवस्था कोठें उणी पडली तें सांगतो. तो वाचणाऱ्या अधिकाऱ्यानें मंजुरीचा शिक्का मारावा किंवा न मारावा. पण कागद बाजूस ठेवण्यापूर्वीं त्यांत कोणत्या गांवाचें नांव वारंवार येतें, एवढें तरी पाहावें.