सीताबर्डी

सीताबर्डी : नागपूर शहराचा मध्यवर्ती भाग आणि त्यातील किल्ला. नागपूरकर नुसते ‘बर्डी’ म्हणतात आणि त्यांच्या मनात किल्ल्यापेक्षा बाजार असतो. शीतलाप्रसाद आणि बद्रीप्रसाद या दोन भावांच्या नावांवरून हे नाव पडले, असे सांगतात. मात्र खडकाळ, उंचवट्याच्या जमिनीला मराठीत बरड म्हणतात, आणि इथे एक मोठी व एक लहान अशा दोन टेकड्या समोर असताना दोन भाऊ शोधत जाण्याची फारशी गरज वाटत नाही.

नोव्हेंबर १८१७ मध्ये या टेकड्या राजधानीबाहेर होत्या. भोसल्यांचे नागपूर पूर्वेला, महालाभोवती. इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स यांची रेसिडेन्सी टेकड्यांच्या पश्चिमेला. आप्पासाहेब भोसले यांनी १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता; पण पुण्यात पेशव्यांनी शस्त्र उचलल्यावर २४ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यांनी जेन्किन्सचा विरोध डावलून पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे दरबारात स्वीकारली. लगेच लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांनी सुमारे तेराशे-चौदाशे सैनिकांनिशी टेकड्या धरल्या. त्यात मद्रासच्या २० व्या व २४ व्या पलटणींचे शिपाई आणि बंगालचे थोडे घोडदळ होते. भोसल्यांचे सैन्य सुमारे अठरा हजार, त्यात तीन-चार हजार अरब. खरी लढत या अरबांनीच दिली.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला आणि रात्रभर चालला. सगळा भार उत्तरेकडील लहान टेकडीवर आला. तिचा बचाव करणारे कॅप्टन सॅडलर मारले गेले. सकाळी तिथेच दारूगोळ्याच्या गाड्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि अरबांनी ती टेकडी सर केली. आता मोठी टेकडी त्यांच्या माऱ्यात आली. या घटकेला कॅप्टन फिट्झजेराल्ड यांच्या घोडेस्वारांनी खालच्या मैदानावर झडप घालून तोफा हिसकावल्या. थोड्या वेळाने लहान टेकडीवर पुन्हा स्फोट झाला, या वेळी अरबांच्या मध्ये, आणि शिपायांनी ती परत घेतली. दुपारी लढाई संपली तेव्हा इंग्रजांकडील मृत व जखमी मिळून ३६७ झाले होते. दारूचे दोन गाडे दोन वेळा पेटले, दोन्ही वेळा टेकडीचा धनी बदलला. इंग्रजांचे शौर्य सांगणारी वर्णने वाचताना हे विसरू नये.

१२ डिसेंबरला इंग्रज सेनानी डोव्हटन यांची कुमक आली, १६ डिसेंबरला सक्करदऱ्याकडील लढाईत भोसल्यांचे सैन्य मोडले. शहरातले अरब मात्र महिनाअखेरपर्यंत हटले नाहीत. पुढे आप्पासाहेब पकडले गेले, कैदेतून निसटले आणि १८४० मध्ये जोधपूरला वारले. राज्य १८५४ मध्ये खालसा झाले.

लढाईच्या वेळी इथे किल्ला नव्हताच. तट, खंदक, दारूखाना हे सारे इंग्रजांनी नंतर बांधले. म्हणून ‘मराठ्यांनी गमावलेला किल्ला’ पाहायला येणाऱ्याची थोडी निराशा होते. १८५७ च्या उठावानंतर नवाब कादर अली यांना साथीदारांसह इथे फाशी दिले गेले. त्यांची कबर किल्ल्यात आहे. गांधीजींना १९२३ मध्ये इथे कैदेत ठेवल्याचे सांगतात. परंतु त्या वर्षी ते येरवड्याच्या तुरुंगात होते.

किल्ला सध्या लष्कराकडे असून प्रादेशिक सेनेच्या ११८ व्या पायदळ तुकडीचे ठाणे तिथे आहे. सर्वसामान्यांना आत जाता येते ते प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी. त्या दिवशी रांग लागते. एरवी पायथ्याच्या टेकडी गणपतीचे दर्शन घेऊन तट बाहेरूनच पाहावा लागतो. जवळच झिरो माइलचा स्तंभ आणि पलीकडे विधानभवन आहे. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका बर्डीच्या स्थानकावर एकमेकींना छेदतात. मेन रोडवरच्या फेरीवाल्यांच्या गर्दीतून वर पाहिले तर झाडांआड तटाचा तुकडा दिसतो.