श्रीरंगपट्टण ते जेरुसलेम : बेने इस्रायलांची कथा

मुंबईला सीएसएमटीहून लोकल सुटली की पहिले स्टेशन येते मशीद. आम्हा रेल्वेवाल्यांच्या तोंडी हे नाव रोजचे. पण हे नाव ज्यूंच्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे सांगतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद'च म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर या फौजी अधिकाऱ्याने हे मंदिर 1796 साली बांधले.

त्यामागची कथा आपल्या बंगळुरूपासून फार लांबची नाही. इंग्रज-म्हैसूर युद्धात दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. "तुम्ही कोण?" असे विचारल्यावर त्यांनी "बेने इस्रायल" असे उत्तर दिले. कुराणात ज्यांचा उल्लेख आहे तेच हे लोक, म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि प्राण वाचले, अशी आख्यायिका आहे. सुटलो तर मंदिर बांधीन, हा नवस त्यांनी मुंबईत फेडला.

हे लोक मूळचे कुठले? अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, असे ते मानतात. कोकणात त्यांनी तेलघाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली : पेणकर, किहीमकर, रोहेकर, आष्टमकर. पुढे ते पलटणीत, पोस्टात आणि रेल्वेतही मोठ्या संख्येने शिरले. आपल्या म्हैसूर रोडवरच्या ज्यू दफनभूमीतही सुभेदार नागावकर यांचे 1904 सालचे थडगे आहे. इतक्या पिढ्यांत त्यांच्याकडे धर्माचा दाखला कोणी मागितला नाही.

1897 साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथे पहिली झायनिस्ट परिषद भरली. ज्यूंना स्वतःचे राष्ट्र हवे, हा तिचा विचार. बेने इस्रायलांनाही निमंत्रण होते, पण ते गेले नाहीत. देव नेईल तेव्हा जाऊ, अशी त्यांची श्रद्धा होती. 1948 साली इस्रायल स्थापन झाले, तेव्हा भारतात त्यांची संख्या 20 हजारांच्या आसपास होती. धर्माची ओढ होती, इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांचे काय ही काळजीही होती. हळूहळू कुटुंबेच्या कुटुंबे निघाली आणि बीरशेबा, डिमोना, अश्दोद, लोद या गावांत वसली.

पण तिथे गोष्ट वेगळीच निघाली. रंगावरून भेदभाव होतो, आम्हाला परत मुंबईला पाठवा, म्हणून काहीजण धरणे धरून बसले. 1952 साली शंभरावर लोक भारतात परत आले, त्यातले बरेच पुढे पुन्हा गेले. मोठा घाव बसला तो 1962 साली. शतकानुशतके हे लोक इतर ज्यूंपासून तुटलेले, त्यांचे घटस्फोट आणि पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, अशी शंका धर्मगुरूंनी काढली. मुख्य धर्मगुरूंचा आदेश निघाला : बेने इस्रायल व्यक्तीने इतर ज्यूशी लग्न करायचे तर आईकडच्या पिढ्या तपासा. ज्या नावाने श्रीरंगपट्टणात प्राण वाचले, त्याच नावाने जेरुसलेममध्ये संशय ओढवला!

बेने इस्रायलांनी मग आपल्या देशातला ओळखीचा मार्ग धरला. 1964 च्या उन्हाळ्यात ते बायकामुलांसह जेरुसलेममध्ये धरणे धरून बसले. संसदेचे खास अधिवेशन बोलवावे लागले. हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, असे पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने त्याच ऑगस्टमध्ये जाहीर केले आणि धर्मपीठालाही आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

इथेच कथा संपवली तर ती अर्धीच राहील. वर लोदचे नाव आले. ते जुने रेल्वे जंक्शन. 1948 च्या युद्धात तिथल्या बहुसंख्य अरबांना हाकलून देण्यात आले. त्या साऱ्या प्रदेशातून सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. म्हणजे आपले पेणकर, रोहेकर जिथे नवे घर शोधत गेले, तिथे आधीच कोणाचे तरी घर होते. मे 2021 मध्ये याच गावात ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांवर तुटून पडले आणि आणीबाणी लावावी लागली. 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार तर सर्वांनी पाहिला. त्या युद्धात भारतीय वंशाचे इस्रायली सैनिकही पडले.

मला वाटते, 'तू इथला कसा?' हा प्रश्न ज्याला विचारला गेला, त्याने तो दुसऱ्याला विचारताना दहा वेळा विचार करावा. पण इतिहासात असे क्वचितच घडते. आपण जे. पी. नगरची मराठी माणसे इथे 'महाराष्ट्राची' आणि गावी गेलो की 'बेंगलोरवाली'. इस्रायलमध्ये बेने इस्रायलांना आजही 'होदीम', म्हणजे हिंदुस्थानी, म्हणतात. तरी तिथे ते मराठीतून 'मायबोली' नावाचे नियतकालिक काढत आले आणि महाराष्ट्र दिनही साजरा करतात. एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात : पोहे, खोबरे आणि गूळ. बाप्पापुढे आपण ठेवतो त्याच कोकणच्या नारळाचा तो प्रसाद. त्यासाठी कोणाला पिढ्यांचा दाखला लागत नाही.